चित्र नवं की खेळ नवा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी परवा मला जिन्यातच गाठलं. "भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं या गेमच्या धंद्यात आहात, तर एक खरं सांगा. आमचे चिरंजीव अकरावीत. दर महिन्याला 'नवा गेम आलाय, एकदम वेगळा आहे' म्हणून मागे लागतात. मी डोकावून पाहते तर तेच पळणं, तीच बंदूक. दहा वर्षांपूर्वी याच्या मामाच्या हातात होतं तेच, फक्त चित्र चकचकीत. खरोखर काही नवं निघतंय का? आणि पैसे घालायचेच तर कशात घालू?"

जिन्यात उभ्या उभ्या उरकावा असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहूनच देतो.

वहिनी, तुमची शंका बारा आणे बरोबर आहे. जाहिरातीत जे गरजतं त्यातलं बरंचसं जुन्याच भिंतीला दिलेला नवा रंग असतो. पण उरलेल्या चार आण्यांत गेली दोन-तीन वर्षं जे चाललंय, त्यापायी सतरा वर्षं याच कामावर पोट भरणारा मी रात्री दोनपर्यंत जागतोय. नवं आहे, भरपूर आहे. फक्त ते चित्रात शोधू नका. गेम आपल्याला काय करायला लावतो, ते बघा.

आमच्याकडे कुठलाही गेम आधी करड्या ठोकळ्यांचा बनतो. नायक म्हणजे एक गोळी, घर म्हणजे खोका, झाड म्हणजे डबा. याला ग्रेबॉक्स म्हणतात. ठोकळ्यांतच हात रमला नाही, तर वर कितीही सुंदर चित्र चढवा, फुकट. मी फाइन आर्ट्सला पेंटिंग शिकून आलेला, त्यामुळे हे मला जरा उशिरा कळलं. एका कंपनीत आम्ही सात महिने एका गेमवर घालवले होते. आपल्या गुजरातेतल्या वावेसारखी खोल, पायऱ्यापायऱ्यांची विहीर, भिंतींवर कोरीवकाम, वरून तिरपं उतरणारं ऊन. एकेक कोनाडा मी हाताने रंगवला होता. खेळणाऱ्याने करायचं काय, तर खाली उतरत दिवे गोळा करायचे. पहिल्या प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळवून बघायच्या चाचणीला, नववीतला एक मुलगा बसवला. चार मिनिटांत त्याने दिवे सोडले आणि भिंतींवर उड्या मारत, कोपऱ्यांत घुसत, विहिरीतून बाहेर निसटता येतं का ते बघायला लागला. पुढची वीस मिनिटं तो तेच करत होता, आणि तेव्हाच काय तो हसला. आमच्या गेमच्या आत त्याने आमच्यापेक्षा बरा गेम शोधून काढला होता. महिन्याभरात ते काम गुंडाळलं गेलं. तेव्हापासून नवा गेम हातात आला की मी एकच पाहतो: यातलं क्रियापद कोणतं? पळ, लप, मार, गोळा कर, ही झाली जुनी. त्याखेरीज काही आहे का?

'ब्लू प्रिन्स'मध्ये आहे. हा एप्रिल 2025 मध्ये आला. टोंडा रॉस नावाच्या गृहस्थांनी आठ वर्षं त्यावर घालवली. गोष्ट एवढीच, की चौदा वर्षांच्या सायमनला चुलत आजोबांनी मृत्युपत्रात वाडा ठेवलाय, पण अट घालून. वाड्यात 45 खोल्या आहेत, सेहेचाळिसावी शोधून दाखवलीस तर वाडा तुझा. आता खरी गंमत. वाड्याचा नकाशा रोज सकाळी कोरा असतो. तुम्ही बंद दाराला हात लावला की तीन खोल्यांचे आराखडे समोर येतात. त्यातला एक उचलायचा, की दारापलीकडे तीच खोली उभी. पाच रकाने, नऊ ओळी. तळाशी शिरायचं आणि वरच्या टोकाला पोचायचं. दिवसाला पन्नास पावलं मिळतात, खोली ओलांडली की एक खर्च. कुठे किल्ली लागते, कुठे रत्नं मोजावी लागतात, कुठे हौसेने घेतलेल्या खोलीला पुढे दारच नसतं आणि तुम्ही तोंडावर आपटता. दिवस संपला की वाडा पुसला जातो.

सगळं पुसल्यावर हातात काय राहतं? तुम्हाला जे कळलं ते. ही चावी कुठल्या कुलपाची, त्या दोन चित्रांत फरक काय, बॉयलरची वाफ कुठे जाते. पार्लर नावाच्या खोलीत तीन पेट्या असतात, निळी, पांढरी, काळी. प्रत्येकीवर काही ना काही लिहिलेलं. निदान एक पेटी नुसतं खरं बोलते, निदान एक नुसतं खोटं, आणि रत्नं एकाच पेटीत. पहिल्या दिवशी हे पोरखेळ वाटतं. पुढे पुढे पेट्या एकमेकींबद्दल बोलायला लागतात आणि मी चहा गार होईपर्यंत कागदावर 'खरं, खोटं, खरं' मांडत बसतो. गेममधल्या नायकाची ताकद फारशी वाढत नाही, वाढतं ते खेळणाऱ्याचं डोकं.

लक्ष्मी विलास राजवाडा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. दरबार हॉल दाखवतात, शस्त्रं दाखवतात, आणि मग कुठेतरी दोरी बांधलेली असते. दोरीपलीकडे एक जिना वर जाताना दिसतो. माझ्या मनात तो जिना चाळीस वर्षं तसाच आहे. 'ब्लू प्रिन्स' खेळताना नेमकी ती जुनी खाज सुटते. तक्रारही सांगून टाकतो. हवी ती खोली नशिबात नसेल तर नसते, आणि अर्धा-पाऊण तास पाण्यात जातो. दोनदा मी चिडून बंद केलाय. शिवाय सगळी कोडी इंग्रजी शब्दांवर बेतलेली. नावच बघा, 'ब्लूप्रिंट्स' म्हणजे आराखडे, आणि 'ब्लू प्रिन्स', उच्चारात जवळजवळ एकच. चिरंजीवांचं इंग्रजी बरं असेल तरच घ्या.

वहीपेन्सिल घेऊन खेळायचे असे गेम आता बरेच निघालेत, आणि त्यातला एक आमच्या आईचा लाडका आहे. आई चौऱ्याहत्तरची. 'द रूटट्रीज आर डेड' हा 2025 च्या जानेवारीतला गेम मी कामासाठी म्हणून लावला होता. साल 1998. मिठाईच्या कारखान्यावर गडगंज झालेलं एक अमेरिकन घराणं, विमान अपघातात त्यातले मुख्य लोक गेलेत, आणि इस्टेटीचे खरे वारस कोण हे ठरवायला तुम्हाला अख्खी वंशावळ जुळवायची आहे. करायचं काय, तर घुर्र घुर्र करणाऱ्या डायल-अप इंटरनेटवर शोधायचं, जुन्या मासिकांची कात्रणं वाचायची, फोटोतल्या बाईचं नाक कुणासारखं आहे ते बघायचं. झाडावरच्या प्रत्येक चौकटीत नाव, चेहरा आणि काम बसवायचं.

आई मागून बघत होती. पाच मिनिटांनी म्हणाली, "अरे, ही त्याची बायको कशी असेल? ती बहीण आहे. उभी कशी आहे बघ." आणि ती खरोखर बहीण निघाली. आईने साठ वर्षं लग्नकार्यांत 'ही कोणाची कोण' हेच तर केलंय! त्यानंतर तीन आठवडे रोज जेवण झालं की मी इंग्रजी मजकूर वाचून सांगायचो आणि ती पाठकोऱ्या कागदांवर तिची स्वतःची वंशावळ आखायची. सुना लाल शाईत, लेकी निळ्या. एकदा तिने मला रात्री अकराला उठवलं, एका मावशीचं सासरचं आडनाव आठवलं म्हणून. क्रियापद कोणतं म्हणाल? नातं ओळखणं. यात तिच्यापेक्षा तरबेज गेमर मी पाहिलेला नाही.

जाता जाता एक सांगतो, चित्रकार म्हणून. हा गेम आधी 2023 च्या एका गेम जॅममध्ये, म्हणजे थोडक्या दिवसांत गेम बनवायच्या उपक्रमात, फुकट म्हणून आला, तेव्हा त्यातले फोटो एआयने काढलेले होते. विकायला काढताना त्यांनी ते सगळे काढून माणसाकडून हाताने चितारून घेतले. ज्या गेममध्ये चेहऱ्यांतलं साम्य हाच पुरावा, तिथे आजोबांचं नाक नातवाला मुद्दाम देणारा चित्रकारच हवा.

या पठडीचा मूळपुरुष म्हणजे लुकास पोप यांचा 2018 चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन'. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता जहाज 1807 मध्ये रिकामं परत येतं आणि साठ माणसांचं काय झालं ते तुम्ही विम्याचे निरीक्षक म्हणून लिहायचं. तीन माणसांबद्दल पूर्ण बरोबर लिहिल्याखेरीज गेम 'बरोबर' म्हणत नाही, म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से चालत नाही. जुना आहे, पण स्वस्तात मिळाला तर सोडू नका.

आता 'बलाट्रो'. याचं नाव घेतलं की घरातले मोठे दचकतात, कारण पत्ते. आपल्याकडे सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, ओटीवर डाव पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आमच्या आजोबांनी त्यात एकदा सायकल घालवलीय, त्यामुळे मी समजू शकतो. पण यात खरा पैसा कुठेच लागत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत आला. कॅनडातल्या एका माणसाने बहुतांशी एकट्याने केलाय आणि तो 'लोकलथंक' या टोपणनावामागेच राहिलाय. युरोपात आधी याला 18 वर्षांवरचा शिक्का मारला होता, पुढे तो 12 वर आणला गेला.

नवेपणा कुठे आहे ते एका डावात दाखवतो. दोन राजे टाकले, जोडी झाली. जोडीचे 10 गुण, प्रत्येक राजाचे 10, म्हणजे 30. जोडीचा गुणक 2, म्हणून 60. पहिला टप्पा ओलांडायला 300 लागतात, म्हणजे नुसत्या जोड्या टाकत बसलात तर मेलात. पण साधा जोकर घेतला तर गुणकात 4 वाढतात: 30 गुणिले 6, झाले 180. असे 150 वेगवेगळे जोकर आहेत. कुणी बदामाच्या पत्त्यामागे गुणक वाढवतो, कुणी हातात उरलेल्या पत्त्यांचं भांडवल करतो, कुणी शेजारच्या जोकराची नक्कल करतो. क्रमही महत्त्वाचा: बेरीज आधी आणि गुणाकार नंतर. जोकर चुकीच्या जागी ठेवला तर निम्मे गुण गेले. थोडक्यात, पत्त्यांचे नियम वाकवणारे नियम तुम्ही विकत घेत जाता, आणि तासाभराने जोडीवर लाखात गुण पडायला लागतात. आमच्या धंद्यात 'एवढं साधं, मग आपल्याला का नाही सुचलं' असं सगळ्यांना ज्याबद्दल वाटलं, तो हा गेम. मोबाइलवरही आहे. धोका एकच, 'एकच डाव' म्हणता म्हणता मध्यरात्र होते.

आणि दादांना हेही सांगा, की वर्तमानपत्रात ज्यांच्याबद्दल येतं ते पैसे लावून खेळायचे ॲप वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेत झाला. मी इथे सांगतोय त्यातल्या एकातही पैसे लावायचे नाहीत. एकदा विकत घेतला, संपलं.

चिरंजीवांना एकट्याने बसवायचं नसेल तर 'पीक' बघा. दोन छोट्या स्टुडिओंनी कोरियात महिनाभर एकत्र राहून याचा पाया घातला आणि 2025 च्या जूनमध्ये तो आला. चार मित्र डोंगर चढतात. एवढंच. पण दमाची जी पट्टी असते ना, तिचीच जागा भूक खाते, जखम खाते, पाठीवरचं ओझंही खातं. पावागड चढताना जे होतं तेच: पाय थकलेत, पोट रिकामं, आणि वर कुणीतरी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तुमच्या पिशवीत कोंबलेल्या. मित्र दूर गेला की त्याचा आवाज बारीक होतो, दरीत पडला तर ओरडणं लांबत जातं. डोंगर रोज बदलतो. माझ्या भाच्यांचा दंगा ऐकून शेजारच्या मीनाबेन दार वाजवायला आल्या होत्या. महाग नाही. फक्त पीसी लागतो.

दोघांसाठी 'स्प्लिट फिक्शन', मार्च 2025. एकट्याने खेळताच येत नाही. ऑनलाइन खेळायचं तर एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकटात बोलावता येतं. दर अर्ध्या तासाला नवी युक्ती देतात, आणि तुम्ही त्यात हुशार व्हायच्या आत ती टाकून पुढची. यातल्या एकेका युक्तीवर आम्ही अख्खा गेम काढला असता, एवढी उधळपट्टी आहे. गोष्ट मात्र बेतास बात. याला लॅपटॉप दणकट लागतो.

भाषेबद्दल तुम्हाला प्रेम आहे, म्हणून 'चँट्स ऑफ सेनार'. फ्रान्समधल्या एका छोट्या चमूचा, 2023 चा. उंच मनोरा, दर मजल्यावर वेगळी जमात, वेगळी लिपी, आणि कुणालाच कुणाचं कळत नाही. शब्दकोश नाही. दरवाज्यावर एक खूण दिसते, कुणीतरी हात हलवत तीच खूण काढतो, तुम्ही वहीत अंदाज लिहिता: 'उघड'? की 'जा'? पुढे दुसऱ्या ठिकाणी ती खूण आली की अंदाज डळमळतो. एका भाषेत अनेकवचन करायला तेच चिन्ह दोनदा काढतात. मला एकदम आपलं 'घरोघरी', 'दारोदार' आठवलं. घरात मराठी, रावपुऱ्यात उतरलं की गुजराती, शाळेत इंग्रजी, असं वाढलेल्या बडोद्याच्या मुलांना हा गेम पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा लवकर सुटतो असं माझं मत आहे. पुरावा म्हणाल तर माझे दोन भाचे.

'ॲनिमल वेल' तर एका वेगळ्याच कारणासाठी. बिली बासो यांनी सुमारे सात वर्षं एकट्याने, गेम चालवणारं इंजिनही स्वतःच लिहून केलेला, 2024 चा गेम. पूर्ण गेम चाळीस एमबीच्याही आत बसतो, म्हणजे लग्नातल्या मोठ्या व्हॉट्सॲप व्हिडिओएवढा. हातात तलवार नाही. साबणाचे फुगे, यो-यो, फ्रिस्बी असली खेळणी आहेत. फुगा काढला तर त्यावर उभं राहून वर जाता येतं, हे कुणी सांगत नाही, आपलं आपल्याला समजतं.

आता सगळे ज्याच्यावर फिदा आहेत तो 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन 33'. 2025 चा गेम ऑफ द इयर. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या जेमतेम तीसएक जणांच्या मुख्य चमूने तो केला. कल्पना जबरदस्त: दरवर्षी एक चित्रकर्ती आकाशाखालच्या शिळेवर एक आकडा लिहिते आणि त्या वयाची माणसं धुरासारखी विरून जातात. रंग, संगीत, अभिनय, सगळ्याला शंभर गुण. पण तुमचा प्रश्न 'नवं काय' असा आहे, तर मी हात आखडता घेईन. आळीपाळीने वार करायचे आणि समोरचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबायचं, याची मुळं 1996 च्या एका मारिओच्या गेमपर्यंत जातात. यांनी ते अतिशय सुंदर केलंय. अप्रतिम आणि नवं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि विषय जड आहे, मृत्यूचा. अकरावीच्या मुलाआधी तुम्ही दोघांनी थोडा बघून घ्या.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ज्याने हलवलं तो दोन तासांचा आहे. 'देस्पेलोते', मे 2025. इक्वेडोर देशातलं कितो शहर, साल 2001, देशाचा संघ पहिल्यांदाच फुटबॉल वर्ल्ड कपला पात्र ठरेल की काय याने सगळं गाव पेटलंय, आणि तुम्ही आठ वर्षांचा एक पोरगा आहात. बागेत चेंडू लाथाडता. बाटल्या पाडता. आई म्हणते अमक्या वाजता परत ये, आणि तुम्ही हातातल्या घड्याळाकडे बघत नाही. दुकानातल्या टीव्हीवर सामना चालू असतो, तो ऐकत ऐकत चेंडू कुणाच्या तरी पायात जातो. जिंकायचं काही नाही. आवाज खऱ्या कितोमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेत. ते ऐकताना मला सुरसागरच्या काठी, सेव-उसळीच्या गाडीवरच्या रेडिओवर क्रिकेटचा स्कोअर ऐकत थांबलेले आम्ही दिसलो. हा गेम बडोद्यावर निघू शकतो. मी ग्रेबॉक्स सुरू केलाय, एवढंच सांगतो, यापुढे विचारू नका.

आपल्या बाजूचं म्हणाल तर पुण्यात तयार झालेला 'राजी' 2020 मध्ये आला. दिसायला देखणा, लढाई मात्र नेहमीची. अहमदाबादच्या मंडळींनी केलेला 'डिटेक्टिव्ह डॉटसन' आपल्याकडच्या गल्लीबोळांत हिंडवतो. आणि तुम्ही स्वतः खेळावा असा 'वेंबा', 2023 चा: कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या डागाळलेल्या पाककृतींच्या वहीतले पुसलेले शब्द, आणि ते गाळलेले शब्द तुम्ही स्वयंपाक करत भरायचे. इडलीच्या ताटल्या वाफ नीट फिरेल अशा लावायला गेम सांगत नाही. तुम्हाला ते दोन सेकंदांत जमेल, चिरंजीवांना जमणार नाही. दीड तासात संपतो, शेवटाला रुमाल जवळ ठेवा.

खरेदीचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. दोन तासांचा गेम संपवून परत करणारे महाभाग आहेत, ते चिरंजीवांना शिकवू नका. 'बलाट्रो', 'ॲनिमल वेल', 'सेनार', 'वेंबा' तुमच्या आहे त्या लॅपटॉपवर चालतील, नवा घ्यायची गरज नाही. सणासुदीला सवलती लागतात. यादीत घालून ठेवा, मेल येतो. सुरुवात 'बलाट्रो' किंवा 'सेनार'ने करा.

'स्प्लिट फिक्शन' घेतलाच तर दुसरा कंट्रोलर विकत आणू नका, माझ्याकडे एक पडून आहे. रविवारी सकाळी चिरंजीवांना वर पाठवा. डावी काडी जरा आपोआप उजवीकडे सरकते, तेवढं चालवून घ्यायला सांगा.